जामखेडची गोणी, न्हावाशेव्याचा धक्का

जामखेडहून न्हावाशेवा बंदर सुमारे ३०० किलोमीटर आहे. जामखेड शहरात रेल्वे नाही, त्यामुळे इथून निघणारी प्रत्येक गोणी पहिलं पाऊल रस्त्यावरच टाकते. बंदरं सुधारण्याची चर्चा मात्र क्रेन, धक्के आणि खोल पाण्यापाशीच थांबते. माझं म्हणणं वेगळं आहे. बंदर किती झपाट्याने काम करतं आणि किती धूर ओकतं हे खऱ्या अर्थाने मोजायचं, तर मोजणी जामखेडसारख्या बाजारपेठेतून सुरू करावी लागेल. किनाऱ्यावर मोठा पैसा ओतून जे इंधन वाचवायचं, त्यातलं बरंचसं घाटमाथ्यावरच्या रस्त्यांवर रोज वाया जातं.

माल कुठला आणि बंदराशी संबंध काय

तालुका कोरडवाहू. उडीद, तूर, हरभरा, ज्वारी आणि पाणी असेल तिथे कांदा. हळगावला साखर कारखाना आहे. कांदा नगरच्या नेप्ती उपबाजारात किंवा सोलापूरला जातो आणि तिथून पुढे देशभर किंवा परदेशी. उडीद-तूर डाळ मिलकडे जाते.

वरवर पाहता यातला थोडाच माल समुद्र ओलांडतो. पण बंदर उलट्या वाटेनेही जामखेडात येतं. म्यानमारचा उडीद आणि मोझांबिक, टांझानियाची तूर जहाजाने भारतात उतरली की इथल्या आडतीवर भाव हलतो. शेताला लागणारं पोटॅश तर जवळजवळ सगळंच आयातीचं, कारण आपल्याकडे त्याचं खाणकाम नाही. बंदरावर उतरलेलं खत रेल्वेने आत येतं, आणि ‘रेक लागली का?’, म्हणजे खताची मालगाडी आली का, हा प्रश्न पेरणीच्या दिवसांत प्रत्येक कृषी सेवा केंद्रात ऐकू येतो. म्हणजे बंदरावरचा उशीर आणि वाहतुकीचा जादा खर्च शेवटी खताच्या गोणीवर किंवा कांद्याच्या पट्टीवर येऊन बसतो.

दोन हजार वर्षांची अडचण

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांवर लादून, नीट वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. जामखेड या दोन पेठांच्या अधल्यामधल्या पट्ट्यात येतं. कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचे लेख आणि दगडी रांजण आजही आहेत. माल दख्खनवर, बंदर कोकणात आणि मध्ये सह्याद्री, ही मांडणी तेव्हापासून तशीच आहे. आज रस्ते गुळगुळीत झाले, पण चढ-उतार कुणी कमी केलेला नाही.

एका गाडीचं गणित

दहा चाकी ट्रक घेऊ. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराची मर्यादा वाढवली, तेव्हापासून अशा गाडीचं मालासकट कायदेशीर वजन २५ टनांऐवजी २८.५ टन झालं. त्यात निव्वळ माल साधारण १८ टन धरू. भरलेली गाडी लिटरला पावणेचार किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे न्हावाशेव्यापर्यंत ८० लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका खेपेला २१५ किलो झाला. टनामागे १२ किलो.

आता परतीचं भाडं मिळालं नाही, तर गाडी रिकामी येते. रिकामी गाडी लिटरला सहा किलोमीटर चालली तरी आणखी ५० लिटर जळतं. तो भार गेलेल्या मालावरच टाकावा लागतो आणि टनामागचा आकडा १२ वरून साडेएकोणीसवर जातो. मालात एक किलोचीही भर पडलेली नसते, तरी धूर दीडपटीहून जास्त. बंदराच्या दारात गाडी इंजिन चालू ठेवून रांगेत उभी राहिली, तर तासाला दोनेक लिटर त्यावर आणखी.

हे आकडे ढोबळ आहेत. गाडी, चालक आणि रस्ता यांप्रमाणे ते बदलतील. पण त्यातून निघणारा धडा बदलणार नाही. सर्वांत स्वस्त पर्यावरण-सुधारणा कुठली असेल, तर परतीचं भाडं. तिच्यासाठी नवं इंजिन लागत नाही की नवं इंधन लागत नाही. न्हावाशेव्याहून किंवा पनवेलहून खत, आयातीची डाळ, प्लायवूड, यंत्रांचे सुटे भाग असं काहीतरी घाटावर येतच असतं. ते आणि खाली जाणारी गाडी यांची गाठ घालून देणारा माणूस म्हणजे हुंडेकरी. आज हे काम मोबाइलवर, ओळखीपाळखीतून चालतं. धोरण आखणाऱ्यांच्या कागदांत हुंडेकऱ्याचं नाव क्वचितच येतं, आणि ही मला मोठी उणीव वाटते. जीएसटीसोबत १ जुलै २०१७ पासून राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके गेले, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि वाटेतलं उभं राहणं कमी झालं. रिकामं धावणं मात्र अजून तसंच आहे.

बंदराच्या दारात

न्हावाशेव्याचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिथे वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनरांची उलाढाल झाली. या जागेची किंमत आधी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी मोजली आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या जमिनींच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आंदोलक मारले गेले. मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. ‘हरित बंदर’ हा शब्द वापरताना तिथल्या गावांची हवा, खारफुटी आणि मासेमारी यांचा विचार आधी व्हावा, असं मी म्हणतो ते यामुळेच.

करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा ही नावं कंटेनर ओढणाऱ्या प्रत्येक चालकाला तोंडपाठ आहेत, कारण रांगा तिथेच लागत. रांग का लागते? प्रत्येक जहाजासाठी माल आत घेण्याची शेवटची वेळ ठरलेली असते. सगळे निर्यातदार त्या वेळेच्या थोडं आधी पोचायला बघतात आणि शेकडो ट्रेलर एकाच दिवशी दारात येतात. कागद अपुरा असेल तर ती गाडी बाजूला काढायलाही जागा नसते.

यावर गेल्या दहा वर्षांत बरंच काम झालं आहे. कारखान्यात भरून सील केलेला कंटेनर मधल्या गोदामात न थांबता थेट बंदरात घेण्याची आणि आयातीचा कंटेनर थेट मालकाला देण्याची पद्धत आली. १ जुलै २०१६ पासून इथल्या कंटेनरांना रेडिओ-लहरींवर चालणारी चिप लावून त्यांचा माग ठेवला जाऊ लागला, त्यामुळे कंटेनर कुठे अडकला हे फोनवर कळतं. ट्रेलरसाठी वाहनतळ झाला, उड्डाणपूल झाले. यार्डात कंटेनरांच्या थप्प्या लावणाऱ्या डिझेलच्या क्रेन विजेवर आणल्या जात आहेत. या सगळ्यातली सगळ्यात कमी नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे थेट प्रवेश. कंटेनर एकदा कमी उचलला-ठेवला, तर एक क्रेन, एक ट्रेलर आणि एक दिवस वाचतो.

कांद्यासारख्या मालाला तर दिवसाचीच किंमत. कोंब फुटलेला, घामाने ओला झालेला कांदा फेकावा लागतो, आणि त्याच्याबरोबर तो पिकवायला लागलेलं पाणी, खत, वीज आणि डिझेलही फेकलं जातं. पर्यावरणाच्या हिशेबात नासाडी हा शब्द यायलाच हवा.

धक्क्यावर उभं जहाज

जहाज धक्क्याला लागल्यावरही त्याचे जनरेटर चालू असतात. दिवे, पंप आणि मुख्य म्हणजे शीत कंटेनर यांना वीज लागते. मोठ्या कंटेनर जहाजाला उभ्या उभ्या एक मेगावॉटपेक्षा जास्त वीज लागू शकते, आणि ती डिझेल किंवा जहाजी तेल जाळून बनते. धूर जातो शेजारच्या वस्तीत.

उपाय सरळ आहे: धक्क्यावरून केबल टाकून जहाजाला वीज द्यायची आणि जनरेटर बंद ठेवायचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदराने २००० सालीच मालवाहू जहाजांना अशी उच्च दाबाची वीज दिली. आपल्याकडे एक तांत्रिक अडचण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि बहुतेक मोठी जहाजं ६० हर्ट्झची, म्हणून धक्क्यावर मोठे परिवर्तक बसवावे लागतात. शिवाय ती वीज कोळशाचीच असेल, तर धूर उरणहून उचलून चंद्रपूरला नेल्यासारखं होईल. केंद्राने मे २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. बंदरांनी २०३० पर्यंत ६० टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यावी आणि टनामागचं कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करावं. २०४७ पर्यंत ते ७० टक्क्यांनी उतरावं.

समुद्रावरची बचत

इथे थोडक्यात सांगतो. जहाजाचा वेग १० टक्के कमी केला, तर इंजिनाला सुमारे २७ टक्के कमी ताकद लागते आणि तेवढ्याच अंतराला इंधन साधारण १९ टक्के कमी जळतं. म्हणून भरधाव येऊन बंदराबाहेर नांगर टाकून थांबण्यापेक्षा धक्का मोकळा होण्याच्या वेळेला बरोबर पोचणं शहाणपणाचं. त्यासाठी बंदराने जहाजाला खरी वेळ आधी सांगायला हवी. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, हाही मोठा बदल झाला.

रेल्वे मागे का पडते

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातून देशात आत जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरांपैकी जवळजवळ निम्मे रेल्वेने फिरतात. न्हावाशेव्याला हे प्रमाण पाचव्या हिश्शाहून कमी आहे. रेल्वेला टनामागे ऊर्जा ट्रकच्या मानाने खूपच कमी लागते, हे सगळ्यांना मान्य आहे. तरीही असं का?

पहिलं कारण सह्याद्री. पुण्याकडून उतरणारा बोरघाट आणि नाशिककडून उतरणारा थळघाट, दोन्हीकडे रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात आणि त्याच रुळांवर प्रवासी गाड्यांची दाटी असते. मालगाडीला वाट मिळेपर्यंत ट्रक जाऊन परत येतो.

दुसरं कारण रेकचा आकार. कंटेनरांच्या एका रेकमध्ये ४५ वाघिणी, म्हणजे वीस फुटी ९० कंटेनर. जामखेडच्या कुठल्या व्यापाऱ्याकडे एका दिवशी ९० कंटेनर माल असेल?

तिसरं कारण दुहेरी चढ-उतार. घरून टेम्पोत, टेम्पोतून वाघिणीत आणि पुढे पुन्हा. प्रत्येक ठिकाणी हमाली आणि वाराई. ३०० किलोमीटरसाठी हा खर्च परवडत नाही, आणि शेतकऱ्याला फक्त निसर्गाच्या नावाने तो सोसायला सांगणं अन्यायाचं आहे.

दादरी ते न्हावाशेवा हा १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग मोठं काम आहे. त्यावर दुमजली कंटेनरगाड्या चालतात. पण तो गुजरात-राजस्थानकडे जातो. दख्खनच्या मालाला त्याचा थेट उपयोग नाही. आपल्याला घाटच उतरायचा आहे. महाराष्ट्रात या मार्गाचं कौतुक होतं, तेव्हा ही बाब सांगितली जात नाही.

न्यू आष्टी

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग मराठवाड्याने आणि नगरच्या पूर्व भागाने पिढ्यान्‌पिढ्या मागितला. निम्मा खर्च राज्याने उचलला. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत गाडी पोचली. आष्टी हा जामखेडच्या शेजारचाच तालुका, त्याच नगर रस्त्यावरचा. जामखेडला रेल्वे इतकी जवळ यापूर्वी कधीच आली नव्हती.

या मार्गाची चर्चा प्रवासी गाड्यांभोवती फिरते आणि ते समजण्यासारखं आहे. पण रेल्वेमार्गाचा खर्च मालवाहतुकीतून भरून येतो. मग आष्टीहून न्हावाशेव्याला माल पाठवावा का? वरची तीन कारणं पाहिली, तर लगेच नाही. आष्टीचा पहिला उपयोग लांब पल्ल्याला आहे. बिहार, बंगाल, आसामकडे जाणारा कांदा दीड-दोन हजार किलोमीटर रस्त्याने जातो. तिथे रेल्वे पैशांतही आणि डिझेलमध्येही निर्विवाद जिंकते. दुसरा उपयोग येणाऱ्या मालाला. खत, सिमेंट यांची रेक आष्टीला लागली, तर जामखेड, आष्टी, पाटोदा या तिन्ही तालुक्यांतल्या ट्रकची नगरची खेप वाचेल.

पूर्ण रेक भरण्याची अट हा अडथळा हटू शकतो, हे किसान रेलने दाखवलं होतं. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली गाडी निघाली. वाटेत थांबत, थोडा थोडा माल घेत ती जाई. सांगोल्याहून निघणारी जोडगाडी नगरमार्गे मनमाडला तिला मिळे. भाड्यात निम्मी सवलत होती. डाळिंबाच्या काही पेट्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही त्यात जागा होती. सवलत ओसरली तशा गाड्याही ओसरल्या. सवलत सरकारला पेलत नसेल तर कमी ठेवावी, पण थांबत जाणाऱ्या मालगाडीची कल्पना सोडून देण्यासारखी नव्हती.

कोरडं बंदर

समुद्रापासून दूर, रेल्वेच्या कडेला सीमाशुल्क खात्याची सगळी कामं उरकून कंटेनर सील करून देणारं ठिकाण म्हणजे कोरडं बंदर. निर्यातदाराचं काम तिथेच संपतं. पुढे गाडी थेट जहाजापाशी. संभाजीनगरजवळ माळीवाड्याला असा आगार आहे. जालन्याच्या कोरड्या बंदराची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ रोजी झाली, पण त्याचं काम फार रेंगाळलं.

जामखेडच्या मालाने आधी उत्तरेला जालन्याला जाऊन मग पश्चिमेला वळावं, यात अर्थ नाही. नगर शहराच्या आसपास मात्र अशा आगाराला पुरेसा माल जमू शकतो. सुपे औद्योगिक वसाहतीतले कारखाने, नगरची एमआयडीसी, जिल्ह्यातली साखर, संगमनेर-राहुरीचा भाजीपाला आणि पूर्वेकडचा कांदा असं सगळं एकत्र केलं, तर ९० कंटेनरांची रेक भरणं अशक्य राहत नाही. शिवाय आयातीचा माल घेऊन आलेले कंटेनर तिथेच रिकामे होतील आणि तिथेच पुन्हा भरतील. रिकामा डबा न्हावाशेव्याहून ओढत आणण्याची वेळ येणार नाही.

वाढवणचं काय

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ७६,२०० कोटी रुपये. किनाऱ्यालगत नैसर्गिक खोली वीसेक मीटर, त्यामुळे अतिप्रचंड जहाजं थेट येतील, आणि मोठ्या जहाजात कंटेनरामागे इंधन कमी लागतं हे खरं आहे. पण डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे, बंदरासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घातला जाणार आहे आणि तिथल्या मच्छीमारांनी सातत्याने विरोध केला आहे. माशांची अंडी घालण्याची जागा एकदा बुजली, की कंटेनरामागच्या इंधनबचतीने ती परत येत नाही. नगर-बीडच्या मालाला तर वाढवण न्हावाशेव्यापेक्षा लांबच पडेल. माझ्या मते नवा भराव घालण्याआधी आहे त्या बंदराला रेल्वेने नीट जोडणं हे पहिलं काम होतं.

विजेवरचा ट्रक

सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावाशेव्यात बॅटरी बदलून घेता येणारे अवजड विजेचे ट्रक धावू लागले. केंद्राच्या जुलै २०२५ च्या योजनेत अशा ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख रुपयांचं प्रोत्साहन आहे, जुनी गाडी भंगारात काढण्याच्या अटीवर. बंदराच्या आवारातल्या छोट्या फेऱ्यांना ते आजच योग्य आहेत. घाटाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपला माल भरून खाली उतरतो. ४० टनांची गाडी बोरघाटातले सुमारे ५५० मीटर उतरली, तर हिशेबाने ६० युनिट ऊर्जा मोकळी होते. डिझेलच्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते; विजेची गाडी त्यातली निम्मी जरी बॅटरीत परत घेऊ शकली, तरी ३० युनिट वाचले. फक्त चार्जिंगची सोय नगर, दौंड, लोणावळा अशा टप्प्यांवर हवी, निव्वळ मुंबईत नको.

जामखेडकरांनी काय मागावं

तीन मागण्या आताच करता येतील. न्यू आष्टीला तोलकाटा, पक्की शेड आणि ट्रक वळायला जागा असलेला पूर्ण मालधक्का, आणि तिथे खताची रेक. नगरजवळ सीमाशुल्काची सोय असलेला कंटेनर आगार. आणि बाजार समितीच्या आवारात परतीच्या भाड्यांची रोजची नोंद, जिथे हुंडेकरी, डाळ मिलवाले आणि खतविक्रेते आपापला माल लिहून ठेवतील. तिसऱ्या मागणीला दिल्लीची परवानगी लागत नाही. एक खोली, एक माणूस आणि एक फोन पुरेसा आहे. बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि ट्रकमालक यांनी यंदाच्या उडदाच्या हंगामाआधी एकत्र बसून ती सुरू करावी, आणि पहिल्या दोन मागण्यांची निवेदनं मध्य रेल्वेला व राज्य सरकारला आपल्या मालाच्या टनांच्या आकड्यांसह पाठवावीत.